येते म्हणाली

चंद्रावतीच्या दारावरची पाटी मी लावली होती. ड्रॉइंगच्या कागदावर, लाल स्केचपेननं: ‘पेशंटला भेटायला येऊ नये. चौकशी फोनवर करावी. चपला बाहेर, गप्पाही बाहेर.’

पाटी वाचून चंद्रा हसली. “बाई, तू शाळेतनं रिटायर झालीस, पन शाळा काय तुझ्यातनं रिटायर झाली नाय.”

ती मला बाई म्हणायची आणि अगंतुगं करायची. तिच्या धनेशला मी आठवी ते दहावी गणित शिकवलं, तेव्हापासूनची ही बाई. त्याच्याही आधीची ओळख पाण्याची. विचुंब्यात आमची बिल्डिंग उभी राहिली ती चंद्राच्या सासऱ्यांच्या भातशेतीवर. पहिल्या उन्हाळ्यात आमच्या नळाला पाणी नव्हतं, तेव्हा चंद्रा कुंपणापलीकडून ओरडली होती, “ओ चश्मावाली, आमच्या विहिरीचं ने!” पुढे बावीस वर्षं ती मला ऐकवत राहिली, “तुझा गॅसचा ओटा हाय ना, तिथं आमचा बांध होता. बांधावर बसून आमी भाकरी खायचो.” मी म्हणायची, मग आता ओट्याजवळ बसून खा. आणि ती यायची, खायची.

मार्चमध्ये तिच्या पोटात पाणी भरलं, आणि निघाला तो अंडाशयाचा कॅन्सर, तिसऱ्या पायरीवरचा. घरात कुणी तो शब्द उच्चारत नव्हतं. सगळे ‘गाठ’ म्हणत. महादेवभाऊ तर गाठही म्हणत नसत, ‘ते पोटाचं’ म्हणत आणि कळंबोलीला आपल्या ट्रकांकडे निघून जात. धनेश माझ्याकडे फाइल घेऊन आला आणि दहावीच्या रिझल्टला उभा होता तसाच दारात उभा राहिला. “बाई, तुम्हाला यातलं कळतं,” म्हणाला.

कळतं म्हणजे काय, माझा नवरा यातच गेला. सहा वर्षं झाली. चारुदत्तांना कॅन्सरनं नेलं नाही, पाहुण्यांनी नेलं. तिसऱ्या केमोनंतर त्यांच्या पांढऱ्या पेशी तळाला गेल्या होत्या, आणि त्याच आठवड्यात अख्खा गोतावळा भेटायला आला. आपल्या माणसांना नाही कसं म्हणायचं? मी चहा ठेवत राहिले. कुणीतरी खोकलं, कुणीतरी शिंकलं, कुणीतरी त्यांचे हात हातात घेऊन रडलं. चौथ्या दिवशी ताप आला, नवव्या दिवशी ते गेले. मग तीच माणसं पुन्हा आली. आणि सुतकाच्या घरातून निघताना ‘येतो’ म्हणायचं नसतं, म्हणून एकेक जण न बोलता उठून गेला. मी भिंतीला टेकून बघत होते आणि मनात म्हणत होते, आधी आलात तेव्हा का नाही गेलात असे गपचूप?

तेव्हा पाटी लावली ती उगाच नाही. चंद्राला मी जाऊ देणार नव्हते.

पहिल्या केमोला खारघरला तिच्याबरोबर मीच गेले. सलाइन सहा तास चालतं. पहिला तास ती नर्सेसना नावं विचारत होती, दुसऱ्या तासाला झोपली, तिसऱ्या तासाला उठली आणि छताकडे बघत म्हणाली, “बाई, मना एक बहीण हाय.”

“एक? तुझ्या गावात मला भेटेल ती बाई तुझी बहीण असते.”

“त्या बोलायच्या बहिणी. ही माझ्या आईच्या पोटची. भामा. चिरनेरला दिलीय.”

बावीस वर्षांत हे नाव मी ऐकलं नव्हतं. पंचवीस वर्षं दोघी बोलत नव्हत्या. त्यांची आई शेवटचा महिना चंद्राकडे होती. एके दिवशी तिचं खाणं बंद झालं. भामाला कळवू या, असं सगळे म्हणत होते, आणि चंद्रा म्हणाली, उद्या बघू, उगाच घाबरेल. म्हातारी पहाटेच गेली. जाणत्यांनी घाई केली. भामा पोचली तेव्हा चिता पेटली होती. सगळ्या गावासमोर ती म्हणाली, “आईचं तोंड बघू दिलं नायस तू मना. तुझ्या दारात मी पाय ठेवनार नाय.”

“मग आता बोलाव ना तिला,” मी म्हटलं. “मी फोन करते.”

“नको. बोलवली तर ती येईल. मरायला टेकली म्हनून येईल.” चंद्रानं सलाइनचा हात जपून पोटावर घेतला. “मी बरी होते का नाय ते माझा देव बघेल. पन भामानं तिच्या मनानं यावं. राग सोडून एकदा माझ्या दारात यावं. तेवढंच पायजे मना, बाई.”

मी तिला पाणी दिलं आणि फार विचार करू नकोस, काउंट पडतो, असं काहीतरी शास्त्र नसलेलं बोलले.

दुसऱ्या केमोनंतर दहाव्या दिवशी तिच्या पेशी नऊशेवर आल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं: कच्चं काही नको, फुलं नकोत, माणसं नकोत. धनेश आणि त्याची बायको दिपिका कामावर, महादेवभाऊ कळंबोलीला. मी ओटीवर खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर शब्दकोडं. त्या आठवड्यात आठ बहिणी येऊन गेल्या होत्या. एक चुलत, दोन मावशीकडच्या, एक नणंदेची जाऊ आणि बाकीच्या कशाकशाच्या. आठही जणींना मी परत पाठवलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता.

दुपारी तीनच्या सुमाराला रिक्षातून एक म्हातारी उतरली. लहानखुरी, काळीसावळी, गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं, काखेत कापडी पिशवी. ती खोकली.

“चंद्रा हाय?”

“आहे. पण भेटता येणार नाही.”

“मी तिची बहीण.”

“असाल,” मी म्हटलं. “या आठवड्यातल्या नवव्या.”

ती पाटीकडे बघू लागली. “मना वाचाय येत नाय.”

मग मी ती पाटी तिला वाचून दाखवली. वर्गात वाचतात तशी, शब्द तोडून तोडून, ‘गप्पाही बाहेर’सुद्धा. आज ते आठवलं की अंगाची लाही होते.

“लांबनं बघते,” ती म्हणाली. “हितनंच, दारातनं. हात नाय लावत.”

“दारातूनही नाही. तुम्हाला खोकला आहे.”

“धूळ गेली घशात. रस्ता सगळा खनलाय.”

“सगळे असंच म्हणतात. आठ दिवसांनी या, पेशी वाढल्या की.”

ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, मी निदान नीट बघितलं असतं तिच्याकडे. तिनं पिशवी पायरीवर ठेवली, “तिला दे,” म्हणाली, आणि थोडा वेळ आतल्या बंद दाराकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, “जाते.”

माझं डोकंच फिरलं. आजारी माणसाच्या दारातून निघताना जाते म्हणतं का कुणी? आपल्यात लहान पोरालासुद्धा शिकवतात, जातो म्हणू नये, येतो म्हणावं. मी तिच्या पाठीकडे बघत पुटपुटले, काय ही माणसं. ती रिक्षात बसली. रिक्षा गेली.

नाव विचारलं नाही मी. बत्तीस वर्षं रोज सकाळी हजेरी घेतलेली बाई मी, आणि मी तिचं नाव विचारलं नाही.

पिशवीत अबोलीचा वळेसर होता, चार काकड्या होत्या आणि पांढऱ्या फडक्यात तीन गाठी मारून बांधलेला चिंचेचा गोळा होता. फुलं मी कुंपणाबाहेर टाकली. काकड्या समोरच्या म्हशीला घातल्या. चिंच मात्र बघितली तर काळसर, मऊ, एक चिंचोका नाही, जाड्या मिठात वळलेली. असली चिंच आता बाजारात मिळत नाही. चंद्राला चालणार नव्हतीच. म्हटलं, अन्न फुकट कशाला घालवा. घरी नेली आणि संध्याकाळी तिची आमटी केली. इतकी चांगली आमटी कितीतरी दिवसांत झाली नव्हती. पुण्याला लेकीला, रुचिराला, मी फोनवर सांगितलंसुद्धा.

चंद्रानं उठल्यावर विचारलं होतं, “कोन आलं होतं गं?”

“गावातलीच कुणीतरी,” मी म्हटलं.

तीन दिवसांनी तिचं तोंड आलं. जिभेवर फोड, घशात फोड. मी भाताची पेज भरवत होते आणि ती मान फिरवत होती.

“सगळ्याला लोखंडाची चव लागते, बाई. पानीसुद्धा पत्र्यासारखं लागतं. आता काय पायजे सांगू? आईच्या हातचा चिंचेचा गोळा. आमच्या मिठागरातलं जाडं मीठ लावून वळायची. एवढासा कन जिभेवर ठेवला तर मेलेला मानूस उठून बसंल. मना कदी जमला नाय तो. भामाला जमतो. आईसारखाच पांढऱ्या फडक्यात बांधते, तीन गाठी मारून.”

वाटी माझ्या हातात होती. ती खाली ठेवायची एवढंही मला सुचेना.

“काय झालं?” ती म्हणाली.

“काही नाही. पेज गार झाली,” मी म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेले. नळ सोडून तोंडात पदर कोंबून मी रडले. तिला एकच गोष्ट हवी होती. ती तिच्या दारात आली होती, आपल्या मनानं आली होती, आणि तिला मी घालवलं होतं. वर तिच्या आईच्या चवीची मी आमटी खाल्ली होती.

सांगायचं नाही, असंही मनात येऊन गेलं. खोटं कशाला बोलू? पण एवढं ओझं घेऊन मला तिला रोज पेज भरवता आली नसती. दुसऱ्या दिवशी बरणीतला उरलेला अर्धा गोळा मी त्याच फडक्यात बांधला, तीन गाठी मारल्या आणि तिच्या हातात दिला.

तिनं गाठींवरून बोट फिरवलं. मग फडकं नाकाशी नेलं.

“आली होती?”

“आली होती. सोमवारी. मी तिला आत सोडलं नाही.” आणि मग मी सगळं सांगितलं, पाटी वाचून दाखवली तेही, आमटीचंही. “मार मला, चंद्रा. काय वाटेल ते बोल.”

नखाएवढा कण तोडून तिनं जिभेवर ठेवला. जिभेवर फोड, त्यावर मीठ नि चिंच, तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण तिनं तो थुंकला नाही. माझे सगळे नियम धाब्यावर बसवून मी बघत राहिले.

मग तिनं विचारलं, “निघताना काय बोलली? जाते बोलली का येते?”

मला स्वच्छ आठवत होतं. तिचा तो आवाज, बंद दाराकडची ती नजर. आणि समोर ही, डोक्यावर एक केस नाही, भुवया गेलेल्या, ओठ फुटलेले, माझ्या तोंडाकडे लहान पोरीसारखी बघत होती.

“येते म्हणाली,” मी म्हटलं.

चंद्रा हसली. फुटक्या ओठांनी हसली. “मग येईल. भामा शब्दाची पक्की हाय. येते बोलली का येतेच.”

त्या दिवशी तिनं माझी पाटी काढायला लावली. पलंग खिडकीपाशी हलवून घेतला, रस्ता दिसेल असा. डोक्याला दिपिकाची बरी ओढणी बांधू लागली, “टकलं बघून भामा घाबरंल.” रिक्षा थांबल्याचा आवाज आला की विचारायची, “बघ गं, कोन हाय?” मी बघायची. शेजारी असायचे, कुरियरवाला असायचा.

“मी तिला फोन करते,” मी दर दोन दिवसांनी म्हणायची.

“कशाला? येते बोलली ना ती? मग? तिला घाई नको करू.”

आता काय सांगणार होते मी? ती येते म्हणाली नव्हती, हे? माझ्या खोट्यानं तिला हसू दिलं होतं, आणि त्याच खोट्यानं दोघींमधला रस्ता बंद केला होता. तीन आठवडे मी रोज ठरवायची, आज खरं सांगू. रोज ती ओढणी बांधायची आणि माझं धाडस संपायचं.

तिसऱ्या केमोनंतर स्कॅन झालं. डॉक्टरांनी धनेशला आणि मला आत बोलावलं आणि म्हणाले की आता औषध सोसत नाहीये, उपयोगही नाही, घरी न्या, त्रास होऊ नये एवढं बघू. धनेश बाहेर येऊन पार्किंगमध्ये खाली बसला. मी फाइल छातीशी धरून उभी होते. सगळे कागद तारखेप्रमाणे लावलेले होते.

दहाएक दिवसांनी, एका गुरुवारी सकाळी, मी नेहमीप्रमाणे गेले तर चंद्राचा श्वास बदललेला होता. चारुदत्तांचा ऐकलेला होता, म्हणून मला कळलं. मी तिचे ओठ ओले केले. तिनं डोळे उघडले.

“बाई, भामाला उशीर झाला ना, तरी तिला ओरडू नको हां. तू लय ओरडतेस.”

मी उठले. धनेशला म्हटलं, आईजवळून हलू नकोस. गाडी केली आणि तडक चिरनेरला गेले.

भामा अंगणात पापड्या वाळत घालत होती. मला बघून तिचे हात थांबले. मी दारातच सांगायला सुरुवात केली, बसले नाही, पाणी घेतलं नाही.

“तिनं बोलवलंय?” भामानं विचारलं.

“नाही. ती वाट बघतेय. महिना झाला. तुम्ही येते म्हणालात, असं मी तिला सांगितलं.”

“मी जाते बोलले होते.”

“माहीत आहे.”

“ठरवून बोलले होते. आईच्या वेळी दार बंद, या वेळीपन दार बंद. आता या दाराचं नाव घेयाचं नाय, असं ठरवलं मी तिथंच, पायरीवर.” ती माझ्याकडे बघत होती. “मग तू खोटं कशाला बोललीस?”

“तिचं तोंड बघून,” मी म्हटलं.

भामा आत गेली. मला वाटलं, दार लावून घेईल. ती बाहेर आली तेव्हा हातात पांढऱ्या फडक्याची पुरचुंडी होती. लुगडंही बदललं नव्हतं, पायात चपला नव्हत्या. “चल,” म्हणाली.

पण वाटेत कंटेनरची रांग लागली होती. पुढे कुठेतरी एक ट्रेलर आडवा झाला होता. एकामागे एक लोखंडी डबे, मध्ये आमची गाडी. भामा पुरचुंडी दोन्ही हातांत धरून समोर बघत होती. मी ड्रायव्हरवर ओरडले, पोलिसावर ओरडले, आणि काहीही हललं नाही. बाराला दहा कमी असताना धनेशचा फोन आला.

“बाई,” तो म्हणाला आणि पुढे त्याला बोलता येईना.

मी फोन कानाला धरून बसले. शेजारी बसलेल्या भामाला कसं सांगायचं? सांगावं लागलंच नाही. भामानं माझ्याकडे बघितलं आणि तिच्या गळ्यातून एक बारीक आवाज निघाला. मग ती म्हणाली, “तोंड झाकू नको सांग त्यांना. मी येईपर्यंत उचलू नको सांग.”

फोनवर मागून गावातल्या जाणत्या काशिराममामांचा आवाज येत होता, ऊन वाढतंय, लवकर निघायला पायजे. मी धनेशला म्हटलं, वर्गातल्या आवाजात म्हटलं, “धनेश, ऐक. मी तिथे पोचेपर्यंत तुझ्या आईला कुणी हात लावायचा नाही. कोण काय म्हणतंय ते मला सांगू नकोस. माझं नाव सांग.”

“हो, बाई,” तो म्हणाला.

आम्ही पोचलो तेव्हा दीड वाजला होता. ओटीपासून रस्त्यापर्यंत माणसं. सगळ्या बहिणी आल्या होत्या, मी परत पाठवलेल्या आठही. माणसांनी वाट दिली. चंद्रा हॉलमध्ये निजवली होती, तोंड उघडं, डोक्याला ती बरी ओढणी. सकाळी तिनं दिपिकाकडून बांधून घेतली होती.

भामा तिच्या उशाशी बसली. रडली नाही. तिनं चंद्राच्या तोंडावरून हात फिरवला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, भुवया नव्हत्या तिथे अंगठा फिरवला. मग पुरचुंडीच्या गाठी सोडल्या आणि चिंचेचा एक कण तिच्या ओठांत ठेवला. काशिराममामा तोंड उघडणार होते. मी त्यांच्याकडे बघितलं, ते गप्प बसले.

“खा,” भामा म्हणाली. “आईसारखाच झालाय बघ.”

तेव्हा माझा धीर सुटला. मी महादेवभाऊंच्या शेजारी जमिनीवर बसले आणि लाज सोडून रडले. मी रोखलं नसतं तर हे महिन्यापूर्वी झालं असतं, जिवंतपणी. चंद्रा तो कण चघळत भामाला शिव्या देत हसली असती. हे मला कुणी बोललं नाही, अजूनही बोलत नाही, आणि मी ते रोज ऐकते.

पुरुषांनी तिरडी धरली. बायका मागे सरकल्या. बाई माणूस स्मशानात जात नाही, दारापर्यंतच. भामा मात्र तिरडीचा बांबू धरून उभी राहिली, आणि वाकून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “चंद्रे, येते गो.”

बायका दचकल्या. कुणीतरी तिचा पदर ओढला. “अगो, मयताच्या घरात येते बोलत नाय!”

“मना माहीत हाय काय बोलतात आनी काय नाय,” भामा म्हणाली. “मागच्या टायमाला चुकीचं बोलले होते मी.”

मग तिनं बांबू सोडला, आणि त्यांनी चंद्राला उचललं.